दुहेरी छापाचीं तिकिटें : एक परीक्षण

टपालाच्या तिकिटांस इतिहाससाधनांच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या संग्राहकवर्गांत अजून हंसण्यावारी नेला जातो. सनदा, महजर, जमाखर्चाचे ताळेबंद व शकावल्या यांच्यापुढें बोटभर रंगीत कागदाची मातबरी ती काय, असा बहुतेकांचा रोख असतो. दुसऱ्या बाजूस तिकिटांचे संग्राहक आहेत. त्यांस तिकीट हवें असतें. तें ज्या पत्रावर चिकटलें होतें तें पत्र नको असतें. या दोन उपेक्षांच्या कात्रींत सांपडून किती पत्रें फुकट गेलीं याची गणती कोणी ठेवलेली नाहीं. आमचे मतें दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. तिकीट हा छापलेला कागद आहे, आणि मोडी दप्तराचा कागद वाचण्याची जशी एक रीत आहे तशीच छापलेला कागद वाचण्याचीही आहे. त्या रीतीचा सर्वांत अवघड व म्हणूनच सर्वांत उपयोगी भाग म्हणजे एकाच तिकिटाच्या अंगावर एकाहून अधिक छापण्याच्या पद्धति एकत्र येतात तो होय. त्याचेंच परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रथम पद्धतींची ओळख थोडक्यांत करून देणें भाग आहे. धातूच्या पत्र्यांत रेषा खोदून त्या खांचांत शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसून काढावयाचा, आणि ओलसर कागद जोराच्या दाबानें त्यावर चेपावयाचा, ही खोदीव छपाई. हिच्यांतील शाई कागदावर किंचित् उभी राहते. नखानें हळूच चांचपल्यास कळते. इ. स. १८४० मधील इंग्लंडचें पहिलें काळें पेनीचें तिकीट याच रीतीचें. उलट, ज्या ठशांत अक्षरें वर आलेलीं असतात तो शाई लावून कागदावर दाबला म्हणजे ठशाची छपाई होते; आपलीं छापील पुस्तकें पुष्कळ काळपर्यंत याच जातीचीं होतीं. हिच्यांत शाई दाबानें रेषेच्या कडेस सरकते व कांठ गडद दिसतो. कागदाच्या पाठीवर दबल्याची खूण उमटते. शिळाछापांत दगडाचा पृष्ठभाग सपाट असतो. तेलकट शाई व पाणी यांच्या वैरावर ती सगळी करामत चालते. म्हणून तिची शाई कागदावर सपाट पडते, पाठीवर दाब नसतो व कांठावर गडद कडही नसते. चौथा प्रकार उठावदार ठशाचा. त्यांत शाई असेल वा नसेल, पण कागदच फुगतो.

आमच्या वाचकांस या पद्धति अगदीं परक्या नाहींत. नाना फडणिसांच्या मनांत गीता ताम्रपटांवर खोदवून छापावी असें होतें, आणि तें काम पुढें मिरजेस १८०५ सालीं तडीस गेलें, ही हकीकत मुद्रणाच्या इतिहासांत आलेली आहे. गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें हें तर सर्वश्रुत आहे. आपल्याकडील कित्येक शिळाछाप पोथ्या हस्तलिखित समजून विकल्या जातात, व घेणारे त्या तशाच घेतात. तेव्हां सपाट शाई व बोरूची शाई यांतला भेद ओळखण्याची संवय आमच्या वर्गास निराळ्या कारणानेंही असावयास हवी. असो.

आतां मिश्रणाकडे वळूं. पद्धतींचें मिश्रण म्हणजे हल्लींच्या यंत्रयुगाची हौस, असा एक समज आहे. तो निराधार आहे. तिकिटांचा जन्म होऊन पुरतीं पांच वर्षें झालीं होतीं न होतीं तोंच, १ जुलै १८४५ रोजीं, स्वित्झर्लंडांतील बाझल परगण्यानें आपलें पारव्याचें तिकीट काढलें. काळा, किरमिजी व निळा असे तीन रंग ठशानें छापून मधला पारवा बिनशाईच्या उठावानें कागदांतूनच वर आणलेला होता. रशियाचें १८५८ चें पहिलें तिकीट व १८७२ चीं जर्मन साम्राज्याचीं गरुडाचीं तिकिटें याच वाटेनें गेलीं : चौकट ठशाची आणि मधलें राजचिन्ह उठावाचें. या मिश्रणाचा हेतु शोभेचा होता असें म्हणून भागत नाहीं. उठाव व शाई हीं दोन कामें दोन हत्यारांचीं, दोन हातांचीं. दोन्ही साधलेला लबाड एका हत्यारानें काम भागविणाऱ्या लबाडापेक्षां विरळा.

हीच गोष्ट आमच्या जुन्या राजपत्रांत पाहा. पत्र लिहिणारा कारकून निराळा. माथ्यावरचा शिक्का निराळ्या हातांत. शेवटीं मर्यादामुद्रेचें मोर्तब. आणि महत्त्वाचें पत्र असल्यास धन्याच्या हातचीं दोन अक्षरें. चारही खुणा आपापल्या जागीं व आपापल्या क्रमानें असल्या म्हणजे पत्र अस्सल. शिक्का अस्सल पण तो लेखनाच्या वर उठला आहे कीं खालीं, हें पाहिल्याशिवाय कोणीही जाणता संशोधक मत देत नाहीं. तिकिटांच्या बाबतींत मात्र हाच जाणता मनुष्य भिंग बाजूस ठेवून यादींतील चित्राशीं तिकीट ताडून पाहतो, आणि ‘मिळतें’ म्हणून स्वस्थ बसतो.

हिंदुस्थानांतील आरंभच मुळीं मिश्र आहे. १ जुलै १८५२ रोजीं सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं अर्ध्या आण्याचें सिंध डाकेचें तिकीट चालू केलें. हे गृहस्थ त्यापूर्वीं साताऱ्यास रेसिडेंट व कमिशनर होते व पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणून महाराष्ट्राच्या दप्तरांत त्यांचें नांव पदोपदीं भेटतें. आशियांतील हें पहिलें टपाल-तिकीट होय. एकाच उठावदार आकृतीचे तीन अवतार झाले : लाल, ठिसूळ चकतीवर, पांढऱ्या कागदावर बिनशाईचा, आणि पांढऱ्या कागदावर निळ्या शाईचा. बिनशाईचें तिकीट मिणमिणत्या दिव्याखालीं डाकेच्या कारकुनास दिसेल कसें? दिसत नसे, म्हणूनच शाईची भर पडली असावी. उठावास शाईची जोड मिळाली ती सौंदर्यासाठीं नव्हे, गरजेपोटीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१८५४ मध्यें सबंध कंपनी सरकारच्या मुलखासाठीं तिकिटें हवीं झालीं, तेव्हां कलकत्त्यास जो घाट घातला गेला त्यास मिश्र छपाईची कार्यशाळाच म्हटलें पाहिजे. टांकसाळीचे कर्नल फोर्ब्स यांचा सिंह व ताडाचे झाड असलेला खोदीव नमुना सुंदर होता, पण लागेल तितका माल वेळेवर देण्याची हमी त्यांस देतां येईना. तेव्हां सर्व्हेअर जनरलच्या कचेरींतील कॅप्टन थुलिअर पुढें आले. त्यांच्याजवळ नकाशे छापण्याचे दगड होते व ते चालविणारे हात होते. पहिला प्रयत्न शेंदरी रंगाच्या अर्ध्या आण्याचा. विलायती शेंदूर संपला, देशी शेंदरानें दगड बिघडले, आणि तो रंग सोडून निळा धरावा लागला. अर्धा आणा निळा, एक आणा तांबडा व चार आणे दुरंगी हीं तीन दगडावर निघालीं. दोन आण्यांचें हिरवें मात्र फोर्ब्सच्या टांकसाळींत तांब्याच्या उठावाच्या ठशांनीं छापलें गेलें. म्हणजे एकाच सालच्या एकाच मालिकेंत दोन कचेऱ्या व दोन पद्धति. याद्या ही मालिका एका मथळ्याखालीं घालतात; त्यामुळें नवख्यास चारही तिकिटें एकाच घरचीं वाटतात. हिरवें तिकीट उलटें करून पाहिल्यास पाठीवर जो दाब दिसावा तो निळ्याच्या पाठीवर दिसूं नये, ही साधी परीक्षाही त्यामुळें हुकते.

परंतु याहून आंत एक मिश्रण आहे, आणि तें आमचे मतें सर्वांत महत्त्वाचें. दगडावर छापलेल्या या तिकिटांचे मूळ ठसे दगडावर काढलेले नव्हते. ते मुनीरुद्दीन नांवाच्या कारागिरानें तांब्यावर खोदलेले होते. खोदीव पत्र्याचा छाप चिकट शाईनें विशेष कागदावर घ्यावयाचा, तो कागद दगडावर पालथा घालून चेपावयाचा, असे अनेक छाप ओळीनें बसले म्हणजे तख्ता तयार. तेव्हां रेषा खोदणाऱ्याची, शाई दगडाची. खोदीव कामाचा धारदारपणा पहिल्या उताऱ्यांत दिसतो. दगड झिजला, दुसरा उतारा चढविला, तिसरा चढविला, कीं तीच रेषा भुसभुशीत होते. एकाच पोथीच्या नकलेवरून नकल उतरत गेली म्हणजे पाठ जसा सैल होत जातो, तसाच हा प्रकार. पोथीशास्त्राच्या अभ्यासकास याहून सोपी उपमा देतां येणार नाहीं, आणि याहून खरीही नाहीं. कारण येथेंही पाठभेद, मूळ प्रत व वंशवृक्ष हीं सर्व अंगें आहेतच.

चार आण्यांच्या तिकिटावर तर पाठभेदांचें पीक आलें आहे. तांबडी अष्टकोनी चौकट आधीं छापली जाई, आणि तो कागद वाळल्यावर दुसऱ्या दगडावरून राणीचें निळें मस्तक त्यांत बसविलें जाई. छपाई १३ ऑक्टोबर १८५४ रोजीं सुरू झाली. आरंभीं एका तावांत बाराच तिकिटें, मोकळीं मोकळीं. पुढें चोवीस, जवळ जवळ. मस्तकाचे तीन व चौकटीचे दोन ठसे विद्वानांनीं निराळे केले आहेत, आणि कोणतें मस्तक कोणत्या चौकटींत बसलें आहे त्यावरून तिकीट कोणत्या छपाईचें हें सांगतां येतें. एकेकट्या ठशावरून जें ठरत नाहीं तें दोन्हींच्या जोडीवरून ठरतें. मिश्र छपाई ही कालनिर्णयाची किल्ली होते ती अशी.

कलाकृति म्हणून या तिकिटाविषयीं आमचें मत मात्र यादीकारांइतकें उदार नाहीं. मस्तक चौकटीच्या मध्यावर क्वचितच बसलें आहे. कोठें हनुवटी कांठास टेकते, कोठें कपाळ. चौकट जड व मस्तक हलकें. दोन्ही एकाच हातानें आंखलीं असतांही एकमेकांस ओळखत नाहींतशीं वाटतात. नकाशाच्या कचेरींत पर्वताची एक छटा व नदीची दुसरी हीं वेगळ्या दगडांवरून छापण्याची संवय होती खरी. पण नकाशांत केंसभर सरकलें तर नदी जरा वांकडी होते, येथें राणीची मान जाते. त्या काळच्या साधनांनीं याहून चांगलें झालें नसतें असेंही म्हणवत नाहीं, कारण बाझलच्या परगण्यानें नऊ वर्षांपूर्वीं तीन रंग व उठाव बऱ्याच नेमकेपणानें एकत्र बसवून दाखविले होते. मग या तिकिटाची थोरवी कशांत? ती घाईंत आहे. कांहीं आठवड्यांच्या अवधींत, विलायतेच्या मदतीवांचून, सबंध मुलखास पुरतील एवढीं तिकिटें देशी हातांनीं काढलीं, ही गोष्ट त्या सरकत्या मस्तकावर स्पष्ट लिहिलेली आहे. नीट बसलेलें मस्तक आम्हांस हें सांगतें ना.

याच तिकिटाचे कांहीं मोजके नमुने उलट्या मस्तकाचे आहेत. त्यांची जगभर कीर्ति आहे व किंमतीही तशाच. तेथेंही याद्यांची भाषा आम्हांस खटकते. ‘मस्तक उलटें’ असें त्या म्हणतात. मस्तकाचा दगड जागच्या जागीं होता. तांबड्या चौकटी छापलेला कागद कोणी फिरवून घातला. उलटला तो कागद. हा शब्दच्छल वाटेल, पण छपाईचा क्रम ज्यास ठाऊक नाहीं त्यास नकली उलटें तिकीट ओळखतां येणार नाहीं. कारण नकलाकार बहुधा दोन्ही रंग एका फेरींतच उतरवितो.

याचा प्रत्यक्ष पडताळा मुळशी तालुक्यांतील घोटावडे येथें आला. पौडच्या रस्त्यावरील घोटावडे फाट्यावरून आंत गेल्यावर गांव लागतें. तेथील एका घरीं बासनांत बांधलेलीं तीस-एक दुमडीचीं पत्रें आम्हांस पाहावयास मिळालीं. बहुतेक १८५५ नंतरचीं, मोडींतलीं. भाताचा खंड, बैलांची खरेदी, पुण्याच्या अदालतींतील एक लांबलेली फिर्याद, असा मजकूर. राजकारण मुळींच नाहीं. पण त्या काळच्या मावळांतील कुळांचे व धाऱ्याचे व्यवहार ज्यांस तपासावयाचे आहेत त्यांस तें बासन सोन्यासारखें आहे. त्यांतील एका पत्राच्या पत्त्यावर चार आण्यांचें दुरंगी तिकीट होतें. त्या एका तिकिटावर नजर ठेवून कोणी एक व्यापारी घरच्यांकडे येऊन गेला होता, व तें एक पत्र विकून बाकीचीं ‘जागा अडवितात’ म्हणून रद्दींत काढण्याची तयारी झाली होती.

तिकीट खोटें होतें. आम्ही तें कसें ठरविलें हें सांगणें अवश्य आहे, कारण तीच या लेखाची कसोटी आहे. पहिली गोष्ट वजनाची. १८५४ च्या कायद्याप्रमाणें पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतर कितीही असो अर्धा आणा पडे. हें पत्र एक पातळ बंद, पाव तोळा भरणें कठीण. त्यावर चार आणे कोण लावील? पण मनुष्य चूक करतो, म्हणून एवढ्यावर थांबलों नाहीं. दुसरी गोष्ट छपाईची. भिंगांतून पाहतां तांबडी चौकट एकसंध शाईची नसून बारीक ठिपक्यांची होती, आणि निळें मस्तकही ठिपक्यांचेंच. दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले. दगडावरच्या अस्सल छपाईंत तांबड्या शाईवर निळी शाई जेथें चढते तेथें तिसरी, काळपट छटा येते व वरचा थर वर आहे हें दिसतें. येथें वर-खालीं असा भेदच नव्हता. म्हणजे चित्रावरून एका फेरींत उतरविलेली चार-रंगी ऑफसेटची प्रत होती. तिसरी गोष्ट डाकेच्या शिक्क्याची. तिकिटावर अर्धा शिक्का होता. त्याचा उरलेला अर्धा पत्राच्या कागदावर असावयास हवा होता, तो नव्हता. आणि चौथी : मूळ तिकिटांस पाठीवर गोंद नव्हता, लावणारा आपली खळ लावी, येथें पाठीस चकचकीत गोंदाची सारखी पूट होती.

तिकीट खोटें ठरल्यावर व्यापाऱ्याचा उत्साह मावळला हें सांगावयास नको. घरच्यांचाही थोडा हिरमोड झाला; परंतु त्यामुळें बासन जागच्या जागीं राहिलें. आमच्या दृष्टीनें अस्सल दुरंगी तिकिटापेक्षां हा लाभ मोठा.

त्याच बासनांतील दुसरी गोष्ट मात्र मनास लागून राहिली. तिसांपैकीं अकरा पत्रांचा एक कोपरा कात्रीनें कापलेला आहे. कधीं काळीं कोणी तिकिटें कापून नेलीं. दुमडीच्या पत्रांत पाकीट वेगळें नसतें. पत्राच्याच पाठीवर पत्ता व तिकीट, आणि त्याच कागदाच्या पोटांत मजकूर. म्हणून तिकिटाबरोबर आंतल्या तीन-तीन, चार-चार ओळी गेल्या. एका पत्रांत फिर्यादीची तारीख गेली, दुसऱ्यांत खंडाचा आंकडा, तिसऱ्यांत पत्र धाडणाराचें नांव. नेणारास मिळालीं तीं तिकिटें बहुधा अर्ध्या आण्याचीं निळीं, डे ला रू यांच्या विलायती कारखान्यांतलीं असावींत. १८५५ नंतर देशांत तींच मुबलक चालत. बाजारांत त्यांस आजही फार किंमत नाहीं.

घोटावड्याच्या परिसरांत आणखी एका जातीचीं तिकिटें सांपडण्याचा संभव आहे, व त्यांकडे आम्ही संग्राहकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. पवनमावळ हा भोर संस्थानचा तालुका होता. भोरच्या पंतसचिवांनीं १८७९ मध्यें अर्ध्या व एक आण्याचीं आपलीं तिकिटें काढलीं. तीं यंत्रावर छापलेलीं नव्हतीं. कोरलेला ठसा किरमिजी शाईंत बुडवून हातानें एकेक उठविलेलीं होतीं. युरोपीय लेखक यांस ओबडधोबड म्हणून हिणवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या कचेरींत शतकभर शिक्के व मोर्तबें हातानें उठत आलीं त्या कचेरीनें तिकिटासही शिक्काच लावला, यांत ओबडधोबड काय आहे? भोरची हीं तिकिटें शिक्का व तिकीट यांच्या सीमेवर उभीं आहेत. १९०१ मध्यें शंकरराव चिमणाजी यांची तसबीर असलेलें अर्ध्या आण्याचें लाल तिकीट ठशानें छापून निघालें, तेव्हां ती सीमा ओलांडली गेली. दोन्हींची एकत्र तुलना करणारा कोणी अजून आमच्या पाहण्यांत नाहीं. हातानें उठविलेल्या ठशाचा दाब तिकिटागणिक बदलतो. म्हणून या तिकिटांच्या नकला ओळखणें कठीण, आणि नकलाही विपुल. अशा तिकिटाची खरी साक्ष तें ज्या पत्रावर आहे त्या पत्राचीच, हें येथें पुन्हां सिद्ध होतें.

मिश्रणाचा आणखी एक प्रकार राहिला : एका ठिकाणीं छापलेल्या तिकिटावर दुसऱ्या ठिकाणीं अक्षरें छापणें. १८६६ सालीं सहा आण्यांच्या तिकिटांची निकड पडली, तेव्हां परदेशी हुंडीच्या जांभळ्या महसुली तिकिटांचा माथा व पाया कापून मधल्या भागावर हिरव्या अक्षरांत ‘पोस्टेज’ असा शब्द छापून तीं टपालास लावलीं. महसूल व टपाल या दोन खात्यांचा, लंडन व कलकत्ता या दोन छापखान्यांचा असा संकर झाला. संस्थानांपैकीं शिंद्यांच्या ग्वाल्हेरीनें १८८५ पासून हिंदुस्थान सरकारचींच तिकिटें घेऊन त्यांवर रोमन व देवनागरी अशा दोन लिप्यांत आपलें नांव छापविलें. त्यांत रोमन ‘ओ’च्या जागीं ‘सी’ पडल्याचा एक दोष प्रसिद्ध आहे. खिळे जुळविणाराची ती चूक संग्राहकांस शुद्ध तिकिटापेक्षां प्रिय असते, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आमचे मतें सर्वांत अधिक फसवणूक होते ती याच प्रकारांत. कारण खालचें तिकीट अस्सल असतें. कागद अस्सल, जलचिन्ह अस्सल, रंग अस्सल. खोटी असतात तीं फक्त दोन काळीं अक्षरें. मिश्र छपाई लबाडास अडविते असें आम्हीं वर म्हटलें. तें एकाच कारखान्यांत, एकाच हेतूनें केलेल्या मिश्रणास लागू आहे. जेथें दुसरी पद्धति मागाहून व बाहेरून येते तेथें तीच पद्धति लबाडास दार उघडून देते. हा भेद आजवरच्या लेखनांत कोणी स्पष्ट केलेला आम्हांस आढळला नाहीं, म्हणून तो येथें ठासून सांगतों. अशा वेळीं दोनच खुणा कामास येतात. ठशाच्या अक्षरांचा दाब पाठीवर दिसावा. आणि डाकेचा शिक्का त्या अक्षरांच्या वर असावा. शिक्का खालीं व अक्षरें वर असल्यास तिकीट आधीं वापरलें व मग सजविलें हें उघड आहे.

नाशिकच्या सरकारी छापखान्यानें १९२५ पासून तिकिटांचें काम विलायतेहून आपल्याकडे आणलें. तेथील कामगिरीचा सविस्तर आढावा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें आमच्या मुद्द्यापुरतेंच बोलतों. १५ ऑगस्ट १९४९ ची प्राचीन शिल्पांची मालिका घ्या. अजिंठ्याचा हत्ती, घारापुरीची त्रिमूर्ति, नटराज हीं कमी किंमतीचीं तिकिटें ठशानें छापलेलीं. चितोडचा विजयस्तंभ, ताजमहाल इत्यादि रुपयांचीं दुरंगी तिकिटें शिळाछापाच्या वंशांतल्या पद्धतीनें. १८५४ ची विभागणी पंचाण्णव वर्षांनीं पुन्हां दिसते, पण हेतु पालटलेला आहे : स्वस्त तिकिटें कोटींनीं लागतात, म्हणून टिकाऊ ठसा, महाग तिकिटें थोडीं लागतात, म्हणून दोन रंगांची चैन. या मालिकेंतील त्रिमूर्ति आम्हांस विशेष आवडते, कारण ठशाच्या जाड रेषेस घारापुरीचा जाड दगड शोभतो. ताजमहाल मात्र दुरंगी करूनही निर्जीवच राहिला आहे. १ ऑक्टोबर १९५२ रोजीं कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व टागोर यांची मालिका नाशिकनें फोटोग्रॅव्हूर पद्धतीनें काढली, आणि छटा रेषेवांचून उमटूं लागली. त्या पद्धतीचें बळ मोठें. पण तिच्यांत खोदणाऱ्याचा हात उरत नाहीं.

खरी मिश्र छपाई आतां तिकिटांपेक्षां चलनी नोटांवर पाहावी. नाशिक व देवास येथें निघणाऱ्या नोटेची पार्श्वभूमि ऑफसेटची, मुख्य आकृति खोदीव, आणि क्रमांक ठशाचे. तीन पद्धति, ठरलेल्या क्रमानें, एकाच देखरेखीखालीं. म्हणजे कारकुनाचें अक्षर, शिक्का व मोर्तब यांचीच पुढची पिढी. तिकिटांवर मात्र अलीकडे वेगळ्याच जातीचें मिश्रण सुरू झालें. २००६ मध्यें चंदनाच्या वासाचें तिकीट निघालें, मागाहून गुलाबाचें व मोगऱ्याचेंही. वास उडून जातो व तिकीट उरतें. पुढील काळच्या परीक्षकास त्यापासून कांहीं कळणार नाहीं. आम्हीं त्यास दोष देत नाहीं, पण छपाईच्या इतिहासांत त्याची गणना करण्याचेंही कारण दिसत नाहीं.

शेवटीं एक विनंती. घोटावड्याच्या अकरा पत्रांच्या कापलेल्या कोपऱ्यांचीं मापें व तेथें तुटलेल्या ओळींचीं आद्य व अंत्य अक्षरें आम्हीं टिपून ठेवलीं आहेत. कापणारानें तिकीट पाण्यांत भिजवून सोडविलें असल्यास उपाय नाहीं. परंतु पुष्कळ संग्राहक तिकीट कागदाच्या तुकड्यासहच वहींत लावतात. ज्यांच्या वहींत अर्ध्या आण्याचें निळें तिकीट अशा तुकड्यावर असेल त्यांनीं तो तुकडा उलटून पाहावा. पाठीवर मोडी अक्षरें असल्यास तीं जशींच्या तशीं उतरून, तुकड्याच्या लांबी-रुंदीसह, त्रैमासिकाकडे धाडावीं. तिकीट परत मागण्याचा हेतु नाहीं. तें ज्याचें त्याच्या वहींत राहो. तीन ओळी मिळाल्या तरी फिर्यादीची तारीख लागेल.